काकाजींची तोंडी परीक्षा

या देशातली लोकशाही कोणाच्या जिवावर चालली आहे असे मला कोणी विचारले, तर पहिले नाव मी राज्यघटनेचे घेईन आणि दुसरे माझ्या बायकोच्या थोरल्या काकांचे. तिसरे नाव मला अजून सुचलेले नाही. तेलुगू मुलखाच्या कडेला, बेल्याजवळच्या माझ्या सासुरवाडीत हे काकाजी मराठी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण परीक्षा घेण्याची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. विद्यार्थी हाताशी राहिले नाहीत, तेव्हा त्यांनी उमेदवारांना धरले. निवडणूक विधानसभेची असो की ग्रामपंचायतीची, हात जोडून दारात आलेल्या माणसाला काकाजी आधी खुर्ची देतात, पाणी देतात आणि मग चष्मा पुसत तोंडी परीक्षा सुरू करतात. शंभर मार्क. त्यांतले चाळीस सगळ्या जातिधर्मांच्या माणसांना एका नजरेने पाहण्याला, तीस गावाची भरभराट कशी करणार याला आणि तीस न्यायाला. पास व्हायला पस्तीस लागतात, आणि कित्येक वर्षांत तेवढे एकाही उमेदवाराला पडले नव्हते.

एकदा एक मोठे उमेदवार आले ते गावातल्या देवळात, दर्ग्यात आणि विहारात अशा तिन्ही ठिकाणी जाऊन, गळ्यात हार, खांद्यावर शाल आणि हातात मेणबत्त्यांचा पुडा घेऊनच. मी सगळ्याच देवांना मानतो, असे ते हसत म्हणाले. काकाजींनी विचारले, “देवाईचं जमलं. मानसाईले मानता का?” उमेदवार शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहू लागले. चाळीसपैकी पाच. दुसऱ्या एकाने तालुक्यात कापसाचा कारखाना आणण्याचे वचन दिले, तर काकाजी त्याला उठवून शेजारच्या वावरात घेऊन गेले आणि वेचणीला आलेले बोंड कोणते ते दाखवायला सांगितले. त्याने हिरवे तोडले. तिसरा फक्त तेलुगू बोलणारा होता. काकाजींनी त्याची परीक्षा आपल्या मोडक्या तेलुगूत घेतली, भाषेची अडचण म्हणून दोन मार्क वाढवून दिले, तरीही तो एकोणतीसवर राहिला. निरोप देताना काकाजी त्याला मनापासून म्हणाले, की सप्लीमेंटरीला या.

मीही या परीक्षेतून गेलो आहे. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे येण्याआधी काकाजी आले. बायकोचे आणि आईचे भांडण लागले तर न्याय कसा कराल, हा न्यायाचा प्रश्न. मी घाबरून खरे ते बोललो, की आंघोळीला निघून जाईन. त्यांनी बराच विचार केला आणि प्रामाणिकपणाचे बारा मार्क दिले. एकूण एक्केचाळीस. लग्नात ते पाहुण्यांना माझी ओळख “काठावर पास” अशी करून देत होते.

हे सगळे हसण्यावारी चालले होते, तोवर गेल्या ग्रामपंचायतीला माझे सासरे सरपंचपदाला उभे राहिले. सासरे म्हणजे काकाजींचे धाकटे भाऊ. त्यांना मी मामाजी म्हणतो. दोघांची घरे एकाच अंगणात. त्यांचे आईवडील दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जात, काकाजी शिकून मास्तर झाले आणि त्यांनीच धाकट्याला शिकवले. त्यामुळे मामाजींना खात्री होती. माझी परीक्षा सगळ्या गावासमोर घ्या, असे त्यांनी स्वतःच सांगितले. पारावर माणसे जमली. काकाजींनी एकच मोठा प्रश्न विचारला: निवडून आल्यावर नाली पहिल्यांदा कुठे बांधशील?

“आपल्या वस्तीत,” मामाजी म्हणाले. “आजवर आपलाच नंबर शेवटी लागत आला, दादा.”

“खरं हाये,” काकाजी म्हणाले. “मंग आता शेवटी कोनाले ठेवशीन?”

मामाजी गावातल्या वस्त्या बोटांवर मोजू लागले. त्यांच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते, हे पारावरच्या सगळ्यांना कळत होते आणि काकाजींनाही. तरी त्यांनी एकतीस मार्क मोठ्याने वाचले.

दुसरी उमेदवार होती मोहल्ल्यातल्या शिलाईवाल्या चाचांची सून. तिला तोच प्रश्न पडला, तर तिने थोडा वेळ मागितला, सगळ्या गावातून फिरून आली आणि घोट्यापर्यंत चिखलाने भरलेल्या पायांनी सांगितले, की पाणी सगळ्यात जास्त शाळेमागे तुंबते, तिथून सुरू करू. शाळेमागे ना तिची वस्ती होती ना मामाजींची. बावन्न मार्क. काकाजींच्या हातून पास झालेली ती पहिली उमेदवार, आणि सात मतांनी सरपंच झाली तीच.

त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेना. फवारणीचा पंप दोघांत एकच, तो अंगणातून इकडून तिकडे जायचा, पण निरोप माझ्या सासूबाईंमार्फत. भर गावासमोर नापास केले ते केलेच, वर मतही तिलाच दिले असणार, असे गाव म्हणे आणि मामाजी ते ऐकून घेत.

वेचणीच्या दिवसांत मी गेलो, तेव्हा काकाजी मला बांधावर घेऊन गेले. एका फुटलेल्या बोंडातला कापूस त्यांनी वेचून घेतला. मग म्हणाले, “जावईबुवा, बावन्नवालीले मत द्याचं म्हून गेल्तो. शिक्का हातात घेतला अन् हात भावाच्याच चिन्हावर गेला. लहानपनी त्याले खांद्यावर घेऊन शाळेत नेलं होतं मी, तेच डोऱ्यापुढं आलं.” कोणाला सांगू नका, असे त्यांनी मला बजावले. सगळ्यांना नापास करणारा मास्तर स्वतःच नापास झाला, हे गावाला कळले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाले.

मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी राहवले नाही आणि मामाजींना सगळे सांगून टाकले. ते रागावतील किंवा रडतील असे मला वाटले होते.

“मले ठाऊक हाये,” ते शांतपणे म्हणाले. “मतदानाहून बाहीर आला तवा त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई. तिले मत देल्लं असतं तर समोर येऊन सांगतलं असतं त्यानं.”

मी विचारले, मग बोलत काऊन नाही?

“बोलाले गेलो तर माह्या तोंडावरून त्याले समजीन, मले ठाऊक हाये म्हून. मंग तो परीक्षा घेनं सोडून देईन. त्याचे दिवस कसे जातीन?”

आता दोघांचीही गुपिते माझ्याजवळ आहेत आणि मी दोन्ही घरचा चहा पितो. शाळेमागे नाली झाली, यंदा मामाजींच्या वस्तीत काम सुरू आहे. दुपारी दोघे भाऊ अंगणातल्या कडुनिंबाखाली आपापल्या खाटेवर बसून कापसातला कचरा वेचतात. एक शब्द बोलत नाहीत. मात्र ऊन फिरून काकाजींच्या अंगावर आले, की मामाजी उठतात, आपली खाट जरा बाजूला ओढतात आणि सावलीत थोरल्याला जागा करून देतात.