भाऊजी खाणीत उतरलेच नव्हते

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर. धम्मचक्र दिनानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात. करणारे तिघं: परराज्यात मजूर नेणारा ठेकेदार, टेबलामागचे साहेब आणि मी. मी स्वतःला शेवटी लिहिलं म्हणून माझा वाटा लहान समजू नका.

भाऊजी राजूरचे. राजूरला कोळसा आहे, पण भाऊजींना त्यात काम मिळालं नाही. ठेकेदार म्हणाला, दूर परराज्यात युरेनियमचा कारखाना आहे, चला. गेले, चार वर्षं राहिले. परत आले तेव्हा तळहात उभ्या भेगांनी फाटलेले आणि पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा आत रुतायचा. डॉक्टरांनी लघवी-रक्त तपासलं. "किडनी बिघडली आहे," म्हणाले. "कशानं, ते मी इथं बसून सांगू शकत नाही. त्या कारखान्याच्या दवाखान्यात या कामाचे जाणकार आहेत, तिथं दाखवा."

त्या दवाखान्यात शिरायला काम केल्याचा दाखला लागतो. भाऊजींकडे तो नव्हता. गेटपास ठेकेदारानं निघतानाच काढून घेतला होता, आणि आता तो म्हणत होता, हा माणूस माझ्याकडे कधी नव्हताच. आमची मागणी एवढीच होती: हा माणूस तिथं होता, असं कोणीतरी कागदावर लिहून द्या.

तिथं ते काय करायचे, हे त्यांनी मला एकदा ताईच्या स्वयंपाकघरात दाखवलं. काचेची बाटली घेतली, अर्धी पाण्यानं भरली.

"पाह्य वं साळीबाई. दगड दळला, तेजाबात भिजवला, गाळला. मंग ते पाणी आलं आमच्या शेडमधी. युरेनियम त्यातच इरघळून हाये, पण दिसत नाई. आता ते उचलाचं कसं?"

"हाताने," मी म्हटलं.

"हाताने! पत्रकं लिवून लिवून डोकं गेलं इचं." त्यांनी वरून रेशनचं निळं रॉकेल ओतलं. ताई ओरडली, "ओता, ओता! रातच्याले भाकरी तुमच्या पाण्यावर भाजतो."

"हे रॉकेल. यात एक औषध असते. ते युरेनियमले धरते न् लोखंड-बिखंड पाण्यातच सोडते." बूच लावून त्यांनी बाटली घुसळली आणि ओट्यावर ठेवली. रॉकेल हळूहळू वर आलं. "आता युरेनियम वर गेलं. हे वरचं दुसऱ्या टाकीत न्याचं, तिथं सोड्याचं पाणी. ते दिसलं का युरेनियम रॉकेल सोडते न् त्या पाण्यात उतरते. मंग त्याचा पिवळा गाळ. रॉकेल वापस पयल्या टाकीत."

ताई पीठ मळता मळता म्हणाली, "म्हंजे रॉकेल मुऱ्हाळी झालं. लेकीले नेलं, सासरी पोचवलं, वापस."

भाऊजी इतके हसले की त्यांना खोकला लागला. "चार साल राह्यलो, पण एकाही इंजिनेरनं असं नाई सांगतलं."

मग त्यांनी अंगणातली चिमूटभर बारीक माती बाटलीत टाकली आणि पुन्हा घुसळली. या वेळी थर नीट सुटले नाहीत. वर निळं, खाली गढूळ, आणि दोन्हींच्या मध्ये साबणाच्या मळासारखं तपकिरी जाळं.

"हे माह्यं काम," भाऊजी म्हणाले. "दगडाची बारीक माती गाळूनही राह्यते, ते असं मधात येऊन बसते. वाढलं का वरचं खाली, खालचं वर, सगळं बिघडते. मंग टाकीवर वाकाचं न् हे डोलच्यानं, लहान्या बादलीनं, काहाडाचं. हातमोजे फाटले का हातानं."

"आणि वास?"

"कायले इचारतं? चार साल जेवण रॉकेलात कालवून खाल्लं."

मी हे सगळं वहीत उतरवलं होतं. टाक्या, जाळं, डोलचं, सगळं.

आता माझा वाटा सांगते. आमच्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या गटाची एक रीत आहे. आधी पत्रक लिहायचं. ते विहारासमोर मोठ्यानं वाचायचं. ज्या ओळीला माणसं मान हलवतात ती ठेवायची, ज्या ओळीला विड्या पेटतात ती कापायची. मग त्याच मजकुरावर 'प्रति' आणि खाली अंगठे-सह्या घालून तो अर्ज म्हणून द्यायचा. या रीतीनं आम्ही वस्तीत नळ आणला, रस्ता आणला. मला या रीतीची घमेंड होती.

भाऊजींचं पत्रक वाचताना मी टाकीपाशी आले, तशा विड्या पेटल्या. एक म्हातारबा म्हणाले, "रॉकेलानं का होते वं पोरी? आमी रोजच स्टो पेटवतो."

मी टाकी कापली. लिहिलं: "पृथ्वीच्या पोटात, खाणीच्या काळोखात उतरून या देशासाठी युरेनियम उपसणारा आमचा बांधव..." सगळ्या माना हलल्या. एक बाई डोळे पुसायला लागली. राजूरच्या शेजारची माणसं ती, खाण म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही.

भाऊजी हळूच म्हणाले, "साळीबाई, म्या खाण पाह्यलीच नाई वं."

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा. लोकांना कळलं पाहिजे."

"लोकाईले कळंन. पण तो मी नाई ना."

"तेवढ्यानं काय होतं!" मी म्हटलं. हे माझे शब्द आहेत. एकही इकडचा तिकडे केलेला नाही.

सुनावणीच्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोणीही कागद घेऊन आला की तो कापूस बुडाल्याच्या मदतीचाच, असं धरून चालत. शिपायानं आम्हाला न विचारताच हात केला, "पात्र-अपात्रची रांग तिकडं."

"आमचं कापसाचं नाही. युरेनियमचं आहे."

"युरेनियम?" तो शेजारच्याला म्हणाला, "हे नवीन वाण निंगालं का रे यंदा? बोंडअळी लागते का याले?" रांगेतली दोन माणसं हसली. भाऊजीही हसले. मी हसले नाही, मी भाषण मनात घोकत होते.

साहेबांनी अर्ज वाचला. ठेकेदार खुर्चीवर होता, भाऊजी उभे.

"अर्जात म्हटलंय, खाणीत काम करत होतो. खाणीच्या हजेरीत यांचं नाव नाही. यांचं म्हणणं," साहेबांनी ठेकेदाराकडे पेन रोखलं, "हा माणूस खाणीत कधी उतरलाच नाही. काय हो, उतरला होता?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. "नाई साहेब. खाण म्या पाह्यली नाई. मी शेडमधी होतो, रॉकेलच्या..."

"म्हणजे नाही."

"साहेब, पण शेडमध्ये..." मी पुढे झाले.

"बाई, अर्ज कोणी लिहिला?"

"मी."

"मग मी अर्ज बघू की तुमचं ऐकू?" ते लिहीत होते. 'अर्जदाराने अर्जातील मजकूर स्वतःच नाकारला.' घड्याळात सव्वाबारा झाले होते. ठेकेदारानं उठताना भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तब्येत सांभाळा." तो हात मी झटकायला हवा होता. झटकला नाही.

बसस्टँडवर भाऊजींनी मला चहा पाजला. "म्या खोटं बोलाचं होतं का वं?"

"नाही."

"तू आधी सांगतलं असतं तं बोललो असतो. पन त्यानं एकदम इचारलं न् तोंडातून खरं निंगून गेलं." ते माझी समजूत काढत होते.

त्यानंतर मी वही काढली आणि टाकी, डोलचं, मधलं जाळं, सगळं जसंच्या तसं लिहून नवा अर्ज दिला. साहेब म्हणाले, बरोबर काम केलेल्या दोघांचं सहीनिशी लिहून आणा. ठेकेदारानं त्या खेपेला अकरा जण नेले होते. ढाणकीचा एक सापडला. त्यानं दारातच सांगितलं, "भाऊ माह्या अजून तिकडेच हाये, ठेकेदाराच्या हाताखाली. म्या सही देल्ली तं उद्या तो घरी. जा बाई तुमी." त्याच्या तळहातांवर तशाच भेगा होत्या. मी जय भीम केला आणि परत आले. बाकीच्यांचे पत्ते ठेकेदाराकडे आहेत.

ताई सध्या कापूस वेचणीला जाते. आली की आधी भाऊजींच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबते आणि खळगा कधी भरतो ते बघत बसते. पूर्वी लगेच भरायचा. परवा ती चूल पेटवून आली तरी तो तसाच होता. मी शेजारी बसले होते. मला पत्रक लिहिता येतं, घोषणा देता येतात, मोर्चा काढता येतो. त्या खळग्यापुढे यातलं काही कामाचं नव्हतं.

म्हणून हे पुस्तकात लिहिते आहे, कारण पुस्तक पत्त्याशिवायही पोचतं. तुम्ही त्या अकरांपैकी असाल, रॉकेलच्या त्या टाक्यांवर भाऊजींच्या शेजारी वाकला असाल, किंवा असा माणूस तुमच्या घरात, तुमच्या आळीत असेल, तर कागद घ्या. कोणती शेड, कोणती टाकी, हातात काय होतं, एवढंच लिहा. माझ्यासारखं सजवू नका. खाली सही करा आणि तो कागद घेऊन राजूरला या. हे वाचल्यापासून आठवडाभरात या.