क्लबात नारळ चालत नाही

माझी शाळा सातवीत सुटली. म्हणजे मी नाही सोडली, तिनंच मला सोडलं. नागपूरला मंडप, खुर्च्या अन् माइक भाड्यानं द्यायचा माझा धंदा. माझा माइक ऐन भाषणात अशी शिट्टी मारायचा की झोपलेले पाहुणे दचकून टाळ्या वाजवायचे. त्यामुळे कार्यक्रमातलं मला सगळं कळतं, असा माझा समज.

यंदा मुलीकडे जर्सी सिटीला आलो. ती आयटीत. सकाळी हेडफोन घालते, ते जेवतानाच काढते. जावई कामासाठी लांब दुसऱ्या राज्यात, नोव्हायला. घरात आम्ही दोघंच, अन् बोलणं काय तर, "बाबा, चहा घेतला?" "घेतला." संपलं. पुढच्या आठवड्यात माझं परतीचं विमान होतं. पोरीच्या कानात दिवसभर काय वाजतं, एवढंही न कळता परत जाणार, हीच रुखरुख.

तेवढ्यात जावयाचं येणं कॅन्सल झालं अन् कसल्याशा कार्यक्रमाचं एक तिकीट उरलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला.

"बाबा, गाण्याला येता? लंडनची सिंगर आहे. क्लबमध्ये, दुपारचा शो."

"कसलं गाणं?"

"निओ-सोल. जुनं सोल म्युझिक, पण नव्या ढंगात."

"म्हणजे डाळ जुनी, कुकर नवा."

"बाबा! तिथं प्लीज काही करू नका हं."

मी कशाला काही करतो? फक्त इंडियन स्टोअरमधून एक नारळ आणला, अन् जावयासाठी आणलेली शाल पिशवीत टाकली. बाई एवढ्या लांबून आलेली, आयोजक सत्कार विसरले तर?

दारावरच्या पहिलवानानं पिशवी तपासली. नारळ काढला अन् वात पेटलेल्या फटाक्यासारखा लांब धरला.

"हे काय?" त्यानं मुलीला विचारलं.

"कोकोनट," ती लालबुंद.

"कशासाठी?"

मी म्हटलं, "सांग ना, सत्कारासाठी." सत्काराला इंग्रजीत काय म्हणतात, ते तिलाही सुचेना. शेवटी कोट ठेवायच्या खोलीत नारळाची सोय झाली, मला टोकन मिळालं.

आत बघतो तर एक खुर्ची नाही.

"बेटा, खुर्चीवाल्यानं दगा दिला."

"बाबा, इथं उभंच राहतात."

"अन् अध्यक्ष?"

ती दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. वाटलं, झालं. एकदा घेऊन आली, तेही शेवटचंच.

मग ती बाई आली. अनवाणी. पहिली ओळ इतकी हळू म्हणाली की मला वाटलं, माइक बंद आहे. सवयीनं वायर शोधायला मी खाली वाकलो अन् एका गोऱ्या बाईच्या पायाला हात लागला. तिला वाटलं पाया पडतोय. पण आवाज असा चढत गेला यार, की मी वाकलेला तसाच राहिलो.

गाणं झाल्यावर ती काही बोलली, सगळे हसले. मी पण हसलो, सगळ्यांचं हसून झाल्यावर. तेव्हा मुलगी परत जवळ आली, माझ्या कानाशी वाकली.

"बाबा, ती सांगतेय, तिचे वडील जमैकाहून बर्मिंगहॅमला आले. बस चालवायचे. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे अन् ही बाजूला बसून गायची. जॅझ नंतर कॉलेजात शिकली. वडील अजून प्रत्येक शोनंतर फोन करतात. गाणं कसं झालं ते विचारत नाहीत, जेवलीस का विचारतात."

"बरोबरच विचारतात," मी म्हटलं.

मग ती थांबलीच नाही. प्रत्येक गाण्याचा अर्थ कानात सांगत राहिली. एकदा म्हणाली, "माझा लेऑफ झाला होता ना, तेव्हा हेच ऐकायची रोज."

नोकरी गेल्याचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिच्या खांद्यावर नुसता ताल धरला. तोही चुकत होता, पण तिनं हात काढला नाही.

शो संपला, बाई रेकॉर्ड विकायच्या टेबलापाशी आली. मी गुपचूप दाराकडे निघालो.

"बाबा, टोकन द्या," मुलगी म्हणाली अन् स्वतःच नारळ घेऊन आली.

मी बाईला शाल पांघरली, नारळ दिला अन् सवयीनं ओरडलो, "टाळ्या!" लोकांनी वाजवल्या पण. बाईनं नारळ कानाशी धरून हलवला, काहीतरी म्हणाली.

"म्हणतेय, पाणी भरपूर आहे. तिची आजी असंच बघायची," मुलगी हसत होती.

गाडीत हेडफोन नाही. तिनं स्पीकरच लावला. "बाबा, हिचं सगळ्यात पहिलं गाणं ऐका. मग सांगते मला का आवडतं."

अन् मी गाढव, पहिल्या सिग्नलच्या आधीच झोपलो.

घरी येऊन सोफ्यावर पुन्हा लवंडलो. जाग आली तेव्हा ती स्वयंपाकघरात नागपूरला आईला फोनवर सांगत होती, "अगं, रस्ताभर घोरले. पण खरं सांगते आई, तालात! उद्या परत ऐकवते, आधी कडक चहा पाजून."