होडी रुतली तो दिवस

बाजारात तिसऱ्यांचा, त्या खाडीतल्या शिंपल्यांचा वास आला की मला पूर्णगडची खाडी आठवते. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि अबोल सासूबाईंची मला धास्तीच वाटे. एकदा आम्ही दोघी होडीतून कांदळवन बघायला गेलो. बगळे, खंड्या पक्षी बघण्याच्या नादात पाणी कधी ओसरलं ते कळलंच नाही आणि होडी वाळूत रुतली. मी रडकुंडीला आले. सासूबाई मात्र साडी वर खोचून सरळ खाली उतरल्या. "अगो, ये की! भरती येईस्तोवर तिसऱ्या काढू." चिखलाळ वाळूत बोटं खुपसून आम्ही शिंपले उकरले, घसरून एकमेकींवर पडलो, पोट दुखेपर्यंत हसलो. घरी आमचे अवतार बघून सासरे दारातच थबकले. "सून चांगली आहे हो," सासूबाई त्यांना म्हणाल्या, "चिखलाला घाबरत नाही!" आता माझ्याही घरी नवी सून आली आहे. रविवारी तिला खाडीवर नेतेय, मुद्दाम ओहोटीची वेळ बघून.