हिला उपवास आहे! गव्हावाचून नाशिक-त्र्यंबक

आधीच सांगून टाकते, हे प्रवासवर्णन एका जळकुट्या बाईने लिहिलेलं आहे. लोकांना दुसऱ्यांच्या बंगल्यांचा, पाटल्यांचा, गुणी सुनांचा हेवा वाटतो. मला पोळीचा वाटतो. समोरचा माणूस पोळीचा तुकडा मोडून भाजीत बुडवतो ना, तेव्हा माझ्या पोटात जे होतं त्याला दुसरं नाव नाही.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझा गहू, मैदा, रवा कायमचा बंद केला. आतड्याला सोसतच नाही म्हणे. बेताने खा असंही नाही, चिमूटभरसुद्धा नाही. गव्हाचं पीठ लागलेल्या हाताने वाढलेला भातही नाही. तेव्हापासून माझा प्रवास बंद पडला. त्याआधी मी आणि माझी थोरली बहीण अलकाताई दरवर्षी नवरे आणि मुलं घरी टाकून दोघीच कुठेतरी जायचो. हॉटेलात एकच ताट मागवायचं आणि दोघींनी त्यातच जेवायचं, ही आमची लहानपणापासूनची सवय. आजारपणानंतर सगळ्यात आधी ते ताट सुटलं.

यंदा, म्हणजे २००८ च्या श्रावणाआधी, ताईचा फोन आला.

"मेधे, नाशिकला चल. डबा घ्यायचा नाही. बाहेर खाऊन निभावलं तर हिवाळ्यात आपण दोघी हंपीला जायचं. नाही निभावलं, तर मी आपली भिशीच्या बायकांबरोबर जाते. त्या गाडी ठरवताहेत."

भिशीच्या बायका! ताई दहीभातात साखर घालते हे त्यांच्यातल्या एकीला तरी ठाऊक असेल का? हंपीच्या देवळांपुढे त्यांच्या गळ्यात गळा घालून काढलेला ताईचा फोटो मला आत्ताच दिसायला लागला. मी लगेच हो म्हटलं.

शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून एसटी धरली. नाशिकच्या गाड्या भरपूर आहेत, तिकीट दीडशेच्या आतबाहेर, वेळ साडेपाच तास धरा. चंदनापुरीचा घाट श्रावणात हिरवागार असतो, त्यामुळे खिडकीची जागा मिळवा. संगमनेरच्या अलीकडे गाडी जेवायला थांबली. ताईने वडापाव घेतला, मी केळी आणि खारे शेंगदाणे.

"फार काही खास नाही गं," पहिल्या घासाला ताई म्हणाली.

ही तिची माझ्यावरची दया. वडापाव उत्तम होता. मला आता वासावरून कळतं.

नाशिकला सीबीएस स्टँडजवळ लॉज घेतला, सामान टाकलं आणि रिक्षाने मिसळ खायला गेलो. नाशिकला जाऊन मिसळ न खाणं म्हणजे लग्नाला जाऊन नवरी न बघणं. ताईपुढे काळ्या रश्श्याची मिसळ आली, सोबत कांदा, लिंबू, दही, पापड आणि पावांची जोडी. मी गल्ल्यावरून उठून आलेल्या मालकांना माझी कहाणी सांगितली.

"दादा, मला गहू चालत नाही. मैदा नाही, रवा नाही. काय मिळेल?"

"पाव नको? मग चपाती सांगू का बाजूच्याकडून?"

"चपाती गव्हाचीच ना?"

"हा, पण ती मैद्याची नाय. पचायला हलकी असती."

"दादा, गहूच चालत नाही."

"मग उपमा देतो. गरम हाय."

असं आमचं चाललेलं असताना ताई रश्श्यात पाव बुडवत होती. तोंडातला घास गिळून ती शांतपणे म्हणाली, "दादा, हिला उपवास आहे."

मालकांचा चेहराच बदलला.

"मग आधी नाय का सांगायचं, ताई! या खरकट्यात कशाला बसवलं तुम्हाला?" त्यांनी दुसरं टेबल स्वतः ओल्या फडक्याने पुसलं. "उपवासाची कढई आतल्या अंगाला हाय आपली. तेल वेगळं, झारा वेगळा. बाटाबाट नाय चालत आपल्याकडं. आज शनिवार, मारुतीचा का?"

"हो, मारुतीचाच," ताई म्हणाली आणि दुसरा पाव उचलला.

मी आत डोकावून आले. खरोखर कोपऱ्यात वेगळी शेगडी, वेगळी कढई आणि फक्त साबुदाणावडे तळणारा वेगळा माणूस. डॉक्टरांनी मला जी वेगळी भांडी, वेगळं तेल, वेगळे हात समजावून सांगितले होते, ते सगळं त्या कोपऱ्यात देवाच्या धाकाने पाळलं जात होतं. वडे खरपूस होते, दाण्याची चटणी गोडसर. पोटभर खाल्ले.

माझ्यासारखं पथ्य असणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. हॉटेलात आजार समजावत बसू नका, उपवास म्हणा. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं यांत गहू नाही. शिवाय आपल्याकडे उपवासाच्या फोडणीत हिंग घालत नाहीत, आणि बाजारच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. तरी तेल वेगळं आहे ना, हे डोळ्यांनी बघूनच बसा.

संध्याकाळी गोदाकाठी फिरून जुन्या गावातल्या एका हलवायाकडे गेलो. मोठ्या थाळीत जिलबीचे केशरी ढीग लागले होते आणि लोक दुकानापुढे उभ्या उभ्याच खात होते. इथे मात्र उपवासाची कढई नव्हती. ताईने जिलबी घेतली, चावली आणि डोळे मिटले. पाक तिच्या हनुवटीवर ओघळला. "खास नाही" असं म्हणायचंही ती विसरली. माझी सख्खी बहीण, मला शाळेत हात धरून नेणारी, आणि त्या क्षणी तिला ठसका लागावा असं मला वाटलं. लागला नाही. ताईला कधीच काही लागत नाही.

रविवारी सकाळी सीबीएसवरूनच त्र्यंबकची एसटी मिळाली. तासाभराचा रस्ता, डोंगरावर ढग उतरलेले, कडेला नागली, म्हणजे आपली नाचणी, आणि भाताची खाचरं. अंजनेरीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली म्हणून खाली उतरलो, तर शेगडीवर कणसं भाजत होती. मी एक लिंबू-मीठ लावून घेतलं. ताईने सवयीने हात पुढे केला.

"आत्ता बिस्किटं खाल्लीस ना? हात लावू नकोस."

तिने हात मागे घेतला आणि डोंगराकडे बघत उभी राहिली. हंपीचा विषय त्यानंतर बराच वेळ निघाला नाही. मला वाटलं, गेलं. ही आता भिशीच्याच गाडीत बसणार.

त्र्यंबकला देवळापासून दोन गल्ल्या मागे शोभाकाकूंकडे उतरलो. घरातच वर दोन खोल्या, खाली त्यांची खानावळ. खोल्या साध्या, स्वच्छ, आणि दोघींना परवडतील अशा. मला बोलायला मिळायच्या आतच ताईने सांगून टाकलं, "काकू, हिचा शनिवारपासून उपवास आहे. उद्याचा सोमवार धरून."

"सलग?" काकूंनी कपाळावर हात नेला. "माय गं! आमच्याकडं गडीमाणसं एक सोमवार धरत्यात, तर दुपारपास्नं ताटं मांडली का इचारत्यात."

त्या दिवसापुरतं मला वरीचा भात, दाण्याची आमटी आणि त्या घरात देवाइतका मान मिळाला. काकू मला आधी वाढायच्या, आधी विचारायच्या. ताईला "तुम्ही घ्या ना हातानं" असं सांगायच्या. मला हे फार आवडलं. खोटं कशाला बोलू?

सोमवारी पहाटे रांगेत उभं राहून दर्शन झालं. पहिला सोमवार होता म्हणून बरं. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा पूर येतो, पाठ-गुडघे सांभाळणाऱ्यांनी तो टाळावा. बाहेर आलो तर काय, अख्खं गाव माझ्या पथ्यावर! ज्या दुकानात बघावं तिथे खिचडी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याच्या पुऱ्या. पोहे, सामोसे, भजी सगळं बंद. एका हलवायाने तर उपवासाची जिलबीसुद्धा काढली होती, मावा आणि आरारूटची, काळपट, जाडजूड. दिसायला शनिवारच्या जिलबीची गरीब मावसबहीण. तीन वर्षांनी मी जिलबी नावाची वस्तू दाताखाली फोडली आणि पाक माझ्या हनुवटीवर ओघळू दिला. पुसला नाही. ताईने बघावा म्हणून.

ताईला दुसरं काही मिळतच नव्हतं, तेव्हा तिलाही उपवास घडला. खिचडीचं एकच ताट घेतलं आणि दोघींनी खाल्लं. एका ताटात! तिच्या बाजूचे दाणे मी पळवले, माझ्या बाजूचा बटाटा तिने. दुपारपर्यंत मात्र तिला करपट ढेकर यायला लागले, डोकं चढलं.

"कसं राहतेस गं तू?" ती म्हणाली.

"तुला एका दिवसात कळलं?" मी म्हटलं. आवाजात जरा जास्तच आनंद होता.

संध्याकाळी काकूंनी जेवायला हाक मारली. खाली गेलो तर माझ्या पाटाभोवती रांगोळी, समई लावलेली. ताटात तुपाने चिंब पुरणपोळी. बाजूच्या पाटांवर काका, त्यांचे वृद्ध वडील, सून, सगळे हात धुऊन बसलेले.

सोमवारचा उपवास संध्याकाळी सोडतात, हे आम्हा दोघी शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तीन दिसांचा उपास हाय तुमचा," काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "गोडानंच सोडायचा. तुम्ही पयला घास घ्या, मग आम्ही जेवू."

मी पोळीकडे बघितलं. तिच्या कडेतून पुरण डोकावत होतं, वेलदोड्याचा वास येत होता. एक घास खाल्ला तर पुढचे आठ दिवस माझे हाल, हे मला पाठ होतं. तरी तोंडाला पाणी सुटलं. म्हातारेबुवा ताटापुढे हात जोडून माझी वाट बघत होते.

ताई घाईघाईने म्हणाली, "काकू, मी खोटं बोलले. हिला गहू चालत नाही. आजार आहे तिला. कुणाला सांगून पटत नाही, म्हणून मी उपवास सांगत सुटले."

काकूंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

"म्हंजे उपास नायच तुमचा?"

"आहे, काकू," मी म्हटलं. "उपवास खरा आहे. फक्त तो कधी सुटत नाही."

काकू उठल्या, हात राखेने घासले आणि फळीवरून एक छोटा तवा काढला.

"उपासाचा तवा हाय ह्यो. याच्यावर नागली टाकायची नाय आमच्यात," त्या म्हणाल्या. "पण तुमचा उपास सुटतच नाय म्हणताय, तर तुम्हाला ह्योच तवा. पीठ गिरणीचं नाय. माझी नणंद पेठकडं जात्यावर दळती, फकस्त नागली. पुरण तर डाळ-गुळाचंच हाय."

काकांनी ताटं झाकली. सगळे थांबले. नागलीच्या काळसर गरम भाकरीवर काकूंनी पातेल्याच्या मधलं, पोळपाटाकडे न गेलेलं पुरण थापलं, वर नव्या डब्यातलं तूप सोडलं. मी पहिला घास घेतला, तेव्हा म्हातारेबुवा "हां" म्हणाले आणि पंगत सुरू झाली.

ताईने स्वतःची पोळी खाल्ली, मग माझ्यासाठी केलेलीही खाल्ली. पण तोंड वाकडं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तुझ्यासाठी माणसं पुन्हा चूल पेटवतात. मला सगळं चालतं ना, म्हणून मला कुणी विचारतच नाही. घरीही नाही. उरलंसुरलं काय ते अलकाला." ती माझ्या ताटाकडे बघत होती. तीन वर्षं मी ज्या नजरेने तिच्या ताटाकडे बघत आले, अगदी त्याच. "कशी लागते गं?"

तिने बोट पुढे केलं. मी तिच्या मनगटावर चापट मारली.

"पोळीचा हात आहे तुझा!"

ती उठली. मला वाटलं, रागावली. मोरीवर गेली, राखेने कोपरापर्यंत हात घासले, चूळ भरली आणि ओले हात तसेच घेऊन माझ्या ताटापाशी येऊन बसली. अर्धी भाकरी तिने संपवली. मी मोजून जळले, पण खाऊ दिली.

मंगळवारी परतलो. संगमनेरपाशी गाडी थांबली तेव्हा ताईने पुन्हा वडापाव घेतला आणि यावेळी म्हणाली, "झकास आहे." मला तिचा हेवा वाटला. तो नाशिकला काही बुडवून येता आला नाही. घरी आल्यावर नवरा पोळीभाजी खात होता, त्याचाही वाटला. काकूंनी बांधून दिलेलं नागलीचं पीठ मी माझ्या वेगळ्या डब्यात भरलं आणि झाकण घट्ट लावलं.

ताईचा चार दिवस फोन नाही. भिशी शुक्रवारी असते. मी शुक्रवारभर फोनजवळून हलले नाही आणि तिथे काय ठरत असेल त्याचे नाना विचार करत बसले.

शनिवारी सकाळी फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मेधे, कानडीत 'हिला उपवास आहे' कसं म्हणतात, ते शोधून ठेव."