सरांचं तीर्थ

शरदिनीची आई प्रेमलाबाई काशीतल्या दूधविनायकच्या गल्लीत सांगायची, “आमची मुलगी विद्यापीठात दुधावर संशोधन करते.” सांडाच्या वीर्यावर करते, हे सांगायला तिची जीभ रेटत नसे.

शरदिनीचा प्रश्न साधा होता. पक्व झालेला शुक्राणू प्रथिनं बनवू शकतो का? नाही, असं पुस्तकं म्हणत. पक्व होताना तो जवळजवळ सगळं पेशीद्रव टाकून देतो, आणि त्याबरोबर प्रथिनं बनवण्याची यंत्रणाही. पण शरदिनीने शुक्राणूंना किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं, तेव्हा त्यातलं थोडं प्रथिनांत गुंफलेलं सापडलं. शेपटीच्या सुरुवातीला असलेल्या, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांकडे स्वतःची छोटी यंत्रणा असते. तिचा संशय त्यांच्यावर होता.

“जंतू आहेत ते,” तिचे मार्गदर्शक बिंदुमाधवसर म्हणाले. “तुझ्या घाणेरड्या हातांचे. प्रथिनं ते बनवताहेत आणि श्रेय तू सांडाला देतेस.”

तिने प्रथिनं थांबवणारं औषध घालून पाहिलं. प्रथिनांतल्या किरणोत्साराचा आकडा पडला. पण ते औषध तंतुकणिकांना थांबवतं तसं जंतूंनाही थांबवतं. सर हसले. “बघ! आता काय?”

आता नमुना निर्मळ करण्यावाचून मार्ग नव्हता. म्हणून जंतू येतात कुठून, हे ती शोधू लागली. सर रोज पंचगंगा घाटावर स्नान करून तांब्यात गंगाजल आणत आणि मंत्र पुटपुटत प्रयोगशाळेच्या टेबलांवर, यंत्रांवर, झाकण नसलेल्या नळ्यांवर शिंपडत. शरदिनीने जंतू वाढवणारी जेली भरलेल्या बश्या टेबलावर उघड्या ठेवल्या; काही शिंपडण्याआधी, काही नंतर. नंतरच्या बश्यांवर पिवळट ठिपक्यांची दाटी झाली. त्या तिने सरांपुढे मांडल्या.

“हे काय?”

“तुमचं तीर्थ, सर.”

त्यांचा चेहरा तापला. “गंगेत जंतू? दूधविनायकात वाढलीस आणि हे बोलतेस? तुझ्या आजोबांच्या तोंडात हेच पाणी घातलं होतं.”

“आजोबा मरत होते, सर. माझे शुक्राणू जिवंत आहेत.”

दुसऱ्या दिवशी तिने आतून कडी लावली. सर बाहेर तांब्या घेऊन उभे.

“दार उघड, शरदिनी.”

“नमुना उघडा आहे.”

“हा विभाग माझा आहे!”

“हो. पण नमुना माझा.”

त्यांनी लाथ घातली तेव्हा दार हाललं. तिचा हात हालला नाही.

त्या खेपेला बश्या कोऱ्या राहिल्या. आकडाही बराच उतरला. सरांचं अर्धंअधिक खरं होतं. पहिल्या आकड्यात जंतूंचाच वाटा मोठा होता. पण उकळून मारलेल्या शुक्राणूंपेक्षा जिवंतांचा आकडा अजून वरच होता, आणि तेच औषध घातलं की तोही पडत होता. आता तिथे जंतू नव्हते.

तिने हे प्रबंधाच्या प्रकरणात लिहिलं, तेव्हा सरांनी ते प्रकरण तिच्या अंगावर फेकलं. “जंतूंमुळे निष्कर्ष अमान्य, एवढंच लिही. सही करतो. नाहीतर प्रबंध घेऊन घाटावर बस.”

“पहिल्या नमुन्यात जंतू होते, हे लिहिते. ते कुठून आले, हेही लिहिते. आणि नंतरचा आकडाही.”

“गुरूचं नाव काळं करतेस?”

“तुमचं नाव नाही घालत. विभागप्रमुखांनी शिंपडलेलं पाणी, एवढंच.”

सही झाली नाही. सहीवाचून पदवी नाही, पदवीवाचून विद्यापीठातली नोकरी नाही. शरदिनी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवू लागली. प्रेमलाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, “एक ओळ गिळली असतीस तर काय झालं असतं गं?”

“पोट बिघडलं असतं.”

शाळेची वाट आणि सरांची वाट एकच. सकाळी ते ओलेत्याने, हातात तांब्या घेऊन समोरून येत. ती दिसली की मुद्दाम बोटं बुडवून दोन्ही बाजूंना शिंपडत, मंत्राचा आवाज चढवत.

शरदिनी भिंतीला टेकून त्यांना वाट देई, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत आपल्या जेवणाच्या डब्यावर पदर ओढून घेई.