होडीखालचं बिऱ्हाड

मी अंगणवाडीची बाई. बावीस वर्षं पोरांना खिचडी भरवतेय, वजनं करतेय, वर ढीगभर रजिस्टरं भरतेय. पण पत्त्याच्या रकान्यात काय लिहावं, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो त्या बिऱ्हाडामुळे.

नवरा मासेमारीच्या होडीवर खलाशी. बायको, चार वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांचं तान्हं. आमच्या काशीदकडे भाड्याच्या खोलीत राहायची. मालकाने खोलीला टाइल्स लावल्या, एसी बसवला आणि ती पर्यटकांना द्यायला काढली. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वाळूवर ओढलेल्या. होडीच्या तांडेलाने आपल्या खलाशाला सांगितलं, ऱ्हा माझ्या होडीखाली. ओंडक्यांवर टेकवलेली होडी, दोन्ही बाजूंना ताडपत्री, आत चूल. रजिस्टरात मी लिहिलं, 'होडीखाली'. वरच्या मॅडमनी त्याला लाल पेनाने गोल केला.

मुलगी रोज सगळ्यांच्या आधी यायची. तान्ह्याचं वजन मात्र काही केल्या वाढेना. नारळी पुनव झाली की होडी पाण्यात जाणार, नवराही तिच्यावर जाणार आणि ही दोन पोरांना घेऊन उघड्यावर पडणार, हे अख्ख्या गावाला दिसत होतं. सरपंचांकडे मी चार खेपा घातल्या. समाजमंदिराची खोली रिकामी होती, आत नुसत्या मंडपाच्या खुर्च्या.

"बघू बाई. पुनव होऊ दे."

"पुनव झाल्यावर काय बघणार, डोंबल?"

ते हसले. माझ्या तोंडाची गावाला सवय आहे.

खलाशाच्या बायकोने मलाही महिन्यापूर्वी एकदा विचारलं होतं, "बाई, अंगणवारीत निजलो तर?"

"नियमात बसत न्हाय गो," मी म्हटलं. चावी माझ्या कमरेलाच होती. बोलताना लाज वाटली, तरी बोलले.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भरतीला होडी काढायचं ठरलं. पोरांना मदतनीस बाईंवर सोपवून मी किनाऱ्यावर धावले. ताडपत्री सुटली होती, चूल पावसात भिजत होती. नवरा इतरांबरोबर होडी ढकलत होता, मान वर करत नव्हता. बायको माडाखाली उभी, तान्हं कडेवर, मुलगी गाठोड्यावर बसलेली.

होडी पाण्याला लागली, नवरा इतरांबरोबर तिच्यावर चढला. तांडेलाच्या बायकोने होडीला हळदकुंकू वाहिलं आणि ती वळली थेट हिच्याकडे.

"दोन महिने माझ्या होडीच्या सावलीत होतीस. रिकामी कशी धाडू गो तुला?"

ओटी घ्यायला पदर दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून हिने तान्हं माझ्याकडे दिलं. अंग चटका बसेल असं तापलेलं. इकडे तांदूळ, नारळ, खण पदरात पडत होते. ओटी भरणारीच्या डोळ्यांत पाणी होतं, मनाची चांगली बाई. पण माझा संताप संताप झाला. भरली ओटी घेऊन बाई घरी जाते. ही कुठं जाणार?

ती पदर तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"बाई, ही ओटी कुठं नेऊ?"

होडीच्या पूजेला आलेले सरपंच मोबाईलात बघत होते. त्यांचाच राग कशाला सांगू, महिनाभर चावी कमरेला बांधून मीही तेच केलं होतं.

"चल," मी म्हटलं. "नियम गेला चुलीत."

आधी तान्ह्याला आरोग्य केंद्रात दाखवलं, औषध घेतलं. मग अंगणवाडी उघडली. पोरं घरी गेली होती. हिने ओटीचे तांदूळ खिचडीच्या पातेल्यात ओतले, नारळ फळ्याखाली ठेवला आणि मगच भिंतीला टेकली. मुलीने चपला रोजच्या जागी काढल्या, आपल्या सतरंजीवर मांडी घालून बसली, हात जोडले आणि प्रार्थनेची वाट बघू लागली. प्रार्थना काही सुरू होईना, तेव्हा तिने विचारलं, "बाई, शाला सुटली की कुटं जायाचं?"

"आज शाळा सुटत न्हाय," मी म्हटलं.

उद्याचं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला तरी कुठं माहीत होतं.