शरयूताईने लावलेलं व्याज

माझ्याकडून व्याज घेतलंच पाहिजे, असा हट्ट माझ्याच भल्यासाठी धरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तिचं नाव शरयूताई. मेलबर्नच्या पश्चिमेला पाण्याचे मोठे पंप बसवणारी आमची कंपनी. मी तिथे इंजिनीअर आणि शरयूताई पगाराचं खातं सांभाळायची. मूळची चिंचवडची, साठीला आलेली, बारीक चणीची. पहिल्याच दिवशी मी तिला ‘अहो’ म्हटलं, तर म्हणाली, “मालकाला आपण नुसतं ग्रॅहम म्हणतो आणि मला कसलं अहोजाहो? ताई म्हण आणि तू म्हण.”

तिला आनंदाची बातमी सांगणं हे जरा जोखमीचं काम होतं. कुणी घर घेतलं, कुणाला बढती मिळाली, कुणी नवी गाडी बुक केली, की बाकीचे अभिनंदन करायचे. शरयूताई शांतपणे चहात बिस्किट बुडवायची आणि विचारायची, “बरं. आणि पुढे?” नव्या माणसाला वाटायचं, हिला दुसऱ्याचं बरं बघवत नाही. जुने लोक मात्र खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायचे, कारण पुढे काय होणार हे तिला बहुतेक वेळा आधीच दिसलेलं असायचं.

महामारी सुरू झाली तेव्हा मी दोन्ही मुलांना घेऊन बाबांच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेले होते. ऑपरेशन नीट झालं आणि सीमा बंद झाल्या. इकडे मेलबर्नजवळ टार्निटच्या घरात माझा नवरा केदार एकटा. तो विमानतळावरच्या एका कंपनीत होता. विमानं थांबली तशी त्याची नोकरीही गेली. परतीची विमानं मोजकी, तिकिटांचे भाव अव्वाच्या सव्वा, वर इथे उतरल्यावर हॉटेलात विलगीकरण आणि त्याचं बिल वेगळं. अखेर कंपनीने मला प्रवासासाठी कर्ज दिलं. माझ्यासारखे अडकलेले आणखी दोघे होते, त्यांनाही दिलं. दरमहा पगारातून थोडं थोडं कापायचं ठरलं आणि मी मुलांना घेऊन निघाले.

घरात आता पगार माझा एकट्याचा होता, आणि त्याच्या जोडीला सरकारकडून मुलांसाठी मिळणारी मदत. धाकट्या ईशानच्या पाळणाघराची फीसुद्धा त्या मदतीमुळेच परवडत होती. पाळणाघर सुटलं असतं तर केदारला नवं काम शोधायला बाहेर पडणं शक्य नव्हतं. ही मदत कुटुंबाच्या वर्षभराच्या उत्पन्नावर ठरते, म्हणून उत्पन्नाचा अंदाज आपणच कळवायचा असतो. केदारने तो कळवला, आणि त्यात माझं प्रवासाचं कर्जही उत्पन्न म्हणून मिळवलं.

“अरे, का?” मी हॉटेलच्या खोलीतून फोनवर विचारलं.

“कंपनीकडून आलेले पैसे आहेत. उद्या कुणी म्हणायला नको की लपवले.” पै-पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या शाळामास्तरांच्या घरातला मुलगा तो. मदत निम्म्याहून खाली आली तरी आपण खरं तेच लिहिलं याचं समाधान त्याच्या आवाजात होतं. मी कपाळाला हात लावला आणि शरयूताईला फोन केला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग केदारला फोनवर जोडून घ्यायला सांगितलं.

“काय रे, लग्नात रुखवत मांडतात ते बघितलंयस ना? शेजारणीकडून पातेलं उसनं आणलं, म्हणून ते कुणी रुखवतात मांडतं का?”

“नाही.”

“मग हे का मांडलंस? कर्ज म्हणजे शेजारणीचं पातेलं. वापरायचं, घासायचं, परत द्यायचं. तुझ्या घरातल्या वस्तूंत ते धरायचं नाही. जा, अंदाज दुरुस्त कर.”

केदारने दुरुस्त केला. मदत पूर्ववत झाली आणि आमच्या घरात शरयूताईचं नाव आदराने घेतलं जाऊ लागलं. हा आदर जेमतेम महिनाभर टिकला.

त्या महिन्यात ग्रॅहमने सगळ्यांची ऑनलाइन मीटिंग बोलावली. ग्रॅहम म्हणजे उंच, लालबुंद चेहऱ्याचा, वडिलांची कंपनी चालवणारा दिलदार माणूस. तो म्हणाला की हे वर्ष सगळ्यांनाच कठीण गेलंय, तेव्हा परत आलेल्या तिघांचं प्रवासाचं कर्ज कंपनी पूर्ण माफ करतेय. “मी शरयूच्या वेळीही हेच केलं होतं,” तो अभिमानाने म्हणाला. स्क्रीनवर बदाम आणि टाळ्या उगवल्या. माझ्या मागे उभ्या असलेल्या केदारने माझा खांदा दाबला. मला रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात शरयूताईच्या चौकटीतला माइक चालू झाला. “सॉरी ग्रॅहम. असं करू नकोस,” ती इंग्रजीत म्हणाली.

टाळ्या थांबल्या. ग्रॅहमला वाटलं, त्याने काही चुकीचं ऐकलं.

“माफ केलेलं कर्ज ही कंपनीने दिलेली सवलत धरतात. ती त्यांच्या उत्पन्नात मोजली जाते, आणि प्रत्यक्षापेक्षा बरीच फुगवून मोजली जाते. मुलांची मदत कमी होईल, दिलेली परत मागतील. हल्ली मोजतात असं.” मग तिने कागद पुढे ओढला. “कर्ज राहू दे. त्यावर व्याजही लाव. बिनव्याजी दिलंस तर न घेतलेलं व्याजसुद्धा सवलतच ठरते. सवलतीला वर्षाची एक मर्यादा आहे, तिच्या आतलं काही मोजत नाहीत. तेव्हा माफ करायचंच असेल, तर त्या मर्यादेच्या आत दरवर्षी थोडं थोडं कर.”

ग्रॅहमचा चेहरा उतरला. “पण शरयू, तुझ्या वेळी तर…”

“माझी वेळ वेगळी होती,” ती म्हणाली. “हल्ली मोजतात.”

मीटिंग संपल्यावर तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्याबरोबर कर्ज घेतलेल्या बाकीच्या दोघांपैकी एकाने तर तिच्याशी बोलणंच सोडलं. हिचं स्वतःचं माफ झालं आणि दुसऱ्याचं होताना हिच्या पोटात दुखतंय, असा एकूण सूर होता. केदारही भांडी आदळत म्हणाला, “व्याज लाव म्हणते. आपली माणसंच आपल्याला खाली खेचतात.” शरयूताई आपलं काम करत राहिली. पुढच्या महिन्यापासून माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर हप्ता आणि त्याखाली व्याज छापून येऊ लागलं. व्याजाची रक्कम दोन कॉफीच्या कपांइतकी असायची, पण डोळ्यांत सलायची.

केदारचा स्वभाव असा की रागावला तरी तो आधी खात्री करतो. त्याने सरकारी वेबसाइटवरचे नियम मुळापासून वाचले आणि दोन दिवसांनी गोंधळून माझ्याकडे आला. “ती बोलली ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे गं. पण ‘हल्ली’ कुठलं? हा नियम कितीतरी जुना आहे. तिच्याही वेळी असणार.”

ऑफिस पुन्हा उघडल्यावर मी तिच्याच गाडीतून जायचे. दोघींच्या तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या. फ्रीवेवर गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा मी विचारलं, “ताई, हा नियम तुझ्या वेळीही होता ना?”

तिने आरशात मागची गाडी पाहिली आणि मगच बोलली. “होता.”

तिचा नवरा अपघातात गेला तेव्हा मुलं शाळेत होती आणि ती आमच्याच कंपनीत रिसेप्शनला होती. अस्थी घेऊन, मुलांना घेऊन चिंचवडला जायचं होतं. तिकिटांसाठी ग्रॅहमने कर्ज दिलं आणि ती परत आली त्या दिवशी माफ करून टाकलं. ती त्याच्या केबिनमध्ये ओक्साबोक्शी रडली. पुढच्या वर्षी हिशेब लागला. उत्पन्न वाढलंय, मुलांसाठी जास्तीची दिलेली मदत परत करा, असं तिला कळवण्यात आलं.

“शेजारीण म्हणाली, ‘ठेव तुलाच,’ की ते पातेलं आपल्या रुखवतात आलं,” शरयूताई म्हणाली. “आणि गंमत बघ, माफ झालेल्या पैशांचं विमान केव्हाच उडून गेलेलं असतं. परत मागितलेले पैसे मात्र आजच्या पगारातून द्यायचे असतात. मी शनिवार-रविवार एका बेकरीत ट्रे धुवायचे. मुलं घरी टीव्ही बघायची. त्यानंतर म्हटलं, हे सगळं आपल्याला कळलंच पाहिजे, आणि पगाराच्या कामाचा कोर्स केला.”

“ग्रॅहमला सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं? त्याला नियम माहीत नव्हता, मलाही नव्हता. सांगून माझे पैसे परत आले नसते. त्याने आयुष्यात केलेली एक चांगली गोष्ट मात्र त्याच्या हातून गेली असती. तेवढ्या पैशांसाठी ती घालवणं फार महाग पडलं असतं.” रहदारी सुटली. तिने गिअर टाकला. “तूही सांगायचं नाहीस.”

शेजारी बसलेल्या या बारीकशा बाईने एका माणसाचं चांगुलपण इतकी वर्षं कसं जपलं होतं, आणि ते जपण्यासाठी अख्ख्या ऑफिसचा राग अंगावर कसा घेतला होता, याबद्दल मला तेव्हा जे वाटलं त्याला मी दुसरा शब्द शोधत बसत नाही. मी दिपून गेले होते. ‘हल्ली’ या एका शब्दाच्या आडोशाला तिने ग्रॅहमला उभं केलं होतं आणि स्वतः उन्हात थांबली होती. त्याला मराठी येत नाही, म्हणूनच हे मी लिहिते आहे, आणि तेही तिला विचारून.

वर्ष संपलं, हिशेब लागले. आमच्याकडून कुणी काही परत मागितलं नाही. ईशान पाळणाघरात जात राहिला, केदारला नवी नोकरी लागली. ग्रॅहमने आमचं कर्ज दरवर्षी थोडं थोडं माफ करायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी तितक्याच आनंदाने मेल पाठवला. केदार एका रविवारी स्वतः पुरणपोळ्या घेऊन शरयूताईच्या दारात उभा राहिला. तिने डबा घेतला आणि म्हणाली, “बरं. आणि पुढे?” तो म्हणाला, “पुढे काही नाही ताई. तूप आणायचं राहिलं.”

निर्बंध उठल्यावर ती निवृत्त झाली आणि सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात लेकीकडे जायचं ठरलं. ऑफिसजवळच्या पार्कात बार्बेक्यू होता. ग्रॅहम हातात ग्लास घेऊन उभा राहिला. पंपांबद्दल बोलला, जुन्या दिवसांबद्दल बोलला, आणि मग त्याने ती गोष्ट सांगितली. एक तरुण विधवा, दोन मुलं, तिकिटांचं कर्ज. “लोक विचारतात, मालक म्हणून तू सगळ्यात चांगलं काय केलंस,” तो म्हणाला, “तर मी शरयूचं नाव सांगतो.”

केदारने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता ती निदान एकदा माझ्याकडे बघेल. एवढं ओझं वाहणाऱ्या माणसाला एक नजर तरी हवीच असते. शरयूताई उठली, गवतातून चालत ग्रॅहमपाशी गेली आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

“ते मी कधीच विसरले नाही, ग्रॅहम,” ती म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला त्याची गरजच नव्हती. ती मनापासून त्याचे आभार मानत होती.